नऊ सेकंद

चाळीस सेकंद.
एक तांब्या भरायला चाळीस.
घड्याळ लावून मोजले, तीनदा,
कारण एका मोजणीवर विसंबायचं नाही
हे दिघ्याच्या कंपनीने मला एकतीस वर्षं शिकवलं.

तिथे मी दाब वाचायचो.
बॉयलरचा, वाफेचा, अमोनियाच्या लाइनीचा.
काटा थरथरायच्या आधी माझ्या पोटात कळायचं.
आणि इथे ऐरोलीत, सेक्टर सोळा, दुसरा मजला,
स्वयंपाकघरातल्या नळाने दोन वर्षं
मला शेवईएवढी धार दाखवली
आणि मी म्हणत राहिलो,
मोरब्यातच पाणी कमी असेल.

सोसायटीला पत्र दिलं.
पाठारे म्हणाले, टाकी धुतली की सुटेल.
टाकी धुतली. नाही सुटलं.
वरच्या सिक्वेराबाईंकडे धो धो,
शेजारी ठाकूरांकडे धो धो.
मुस्तकीम प्लंबर तीन आठवडे फोनवर
'कल पक्का' होता.

परवा बाथरूमचा नळ सोडला, सहज, पाय धुवायला,
बादली बघता बघता काठोकाठ,
आणि मी ओला पाय तसाच धरून उभा.
अरे.
धरण भरलेलं आहे. टाकी भरलेली आहे.
पाइपसुद्धा भरलेला आहे.
अडलंय ते शेवटच्या अर्ध्या इंचात.

नळाच्या तोंडाला फडकं गुंडाळलं,
पान्याचे दात उमटू नयेत म्हणून.
उलट्या काट्याने फिरवलं. हलेना.
गरम पाण्याचा शेक दिला, गुडघ्याला देतो तसा,
मग ते करकरलं
आणि हातात आली
जुन्या चार आण्याएवढी जाळी.

बशीत आपटली:
गंजाचे पापुद्रे, वाळू,
प्लंबरच्या पांढऱ्या टेपची एक सुरळी,
आणि एक काळा कण, जो मला ओळखता आला नाही.
शालन चष्मा लावून आली, वाकली,
म्हणाली, "एवढ्याशाने?"
मी मान खाली घालून हो म्हणालो,
जणू ते सगळं माझ्याच घशातून निघालं होतं.

जाळी रात्रभर व्हिनेगरात.
सकाळी नातवाच्या जुन्या ब्रशने घासली,
उजेडाकडे धरली, प्रत्येक भोकातून
हाय टेन्शनच्या तारा दिसल्या, तेव्हा बसवली.
हातानेच आवळायची. जोर केला की वायसर चेपतो.
सिंकखाली ओणवा होऊन अँगल कॉकही पाहिला,
तो पूर्ण उघडाच होता.
मग नळ सोडला.

नऊ सेकंद!
मी पुन्हा मोजले. नऊ.
पोरासारखा पाठाऱ्यांना फोन लावला,
त्यांनी उचलला नाही.

दुपारी शालनने पातेलं नळाखाली धरलं
आणि नेहमीसारखी सुरू झाली,
"अहो, काल सुमतीचा फोन..."
पाण्याने पुढचं खाल्लं.
पातेलं उतू गेलं, पदर भिजला,
तिने नळ बंद केला
आणि भांडं उचलून गॅसकडे गेली.

मी टेबलाशी बसून होतो, पेपर हातात.
तिची धाकटी बहीण, भेंडी जून निघाली ते,
शुगरचा रिपोर्ट, जिन्यात कोण कोणाशी बोलत नाही,
दोन वर्षं हे सगळं मला
चाळीस-चाळीस सेकंदांनी कळत आलं होतं,
तिची पाठ माझ्याकडे, तांब्या नळाखाली,
हात मोकळा नाही, पण तोंड मोकळं.
हे मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं.

"काय म्हणाली सुमती?" मी विचारलं.
"काही नाही, असंच," फोडणीतून उत्तर आलं.

रात्री ओटा पुसताना ती थांबली.
"तो खालचा खटका," म्हणाली,
"कुठल्या बाजूला फिरवला की कमी होतं?"
मी सांगितलं, उजवीकडे.
किती, ते तिने विचारलं नाही.

सकाळी तांब्या भरताना
घड्याळ मी हातात घातलं नव्हतं.
सुमतीच्या जावयाने नोकरी सोडली आहे म्हणे,
महाप्याची, चांगली होती,
आणि अजून घरी सांगितलेलं नाही.